न छेडलेला गांधार

तंबोरा नीट जुळला की खोलीत एक गांधार उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज, या चौघींपैकी एकीवरही गांधार लावलेला नसतो. तरी जवारीवरचा दोरा नेमक्या जागी बसला की खर्जाच्या पोटातून तो वर येतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, स्वच्छ, आपोआप. गाणारी माणसं त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. नव्या विद्यार्थ्याला तो लगेच ऐकू येत नाही. कान तयार होत जातो आणि एका सकाळी तो तिथे असतो, जणू कायमच होता.

माझं बरंचसं गाणं ऐकणं आता संगणकावर होतं. एखादं ध्वनिमुद्रण कसं जपलं गेलं आहे हे पाहायचं असेल तर मी आधी गायकाकडे लक्ष देत नाही, मागच्या तंबोऱ्याकडे देते. गायकाचा आवाज कुठल्याही पडझडीतून तग धरून राहतो. जुन्या तबकडीच्या खरखरीतून, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून, शेजारच्या घरातल्या रेडिओवरूनही तो ओळखू येतो. तंबोऱ्याचं तसं नसतं. त्याचं सगळं वैभव त्याच्या बारीक उपस्वरांत असतं आणि काही हरवायचं ठरलं की पहिली पाळी त्यांचीच येते.

संगणकाला तार कळत नाही, आकडे कळतात. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा ठरलेलं माप आजही चालू आहे. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची लहर मोजायची, प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी द्यायची, आणि हे डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळं करायचं. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदाला साधारण २०,००० कंपनं. ती गाठायची तर मोजमापं त्याच्या दुपटीहून थोडी जास्त हवीत, म्हणून हा आकडा. असं मोजलेलं गाणं मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा घेतं. तासभराच्या ख्यालाला सहाशेहून अधिक मेगाबाइट लागतात. आज एवढी जागा कुणी मोजत नाही. पण नव्वदीच्या दशकात घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क अशा थोड्याशा डिस्कांनी भरून गेली असती, आणि टेलिफोनच्या तारेवरून एवढी फाइल उतरवायची तर दिवस गेला असता.

या अडचणीतून एमपीथ्री आली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेशी निगडित कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचाच अभ्यास केला. मोठ्या आवाजाच्या शेजारी असलेला बारीक आवाज कानाला कळत नाही. तबल्यावर जोरकस थाप पडते, त्या क्षणी तंबोऱ्याची कुजबुज आपल्यापर्यंत पोचत नाही. पोचतच नसेल तर साठवायची कशाला, असा तो विचार. सुझान व्हेगा या गायिकेचं साथीविना गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकून ब्रांडेनबुर्ग यांनी आपली रीत घासूनपुसून घेतली. १९९५च्या जुलैत फाइलच्या नावापुढे लावायची ती तीन अक्षरं ठरली. सेकंदाला १२८ किलोबिटच्या फाइलला मूळ आवाजाच्या अकराव्या हिश्शाएवढी जागा पुरते.

त्या फाइलचे आपल्यावर उपकार आहेत. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांच्या खोल्यांत नाट्यगीतं पोचली ती तिच्यातून. ज्या मैफलींच्या कॅसेट एकेका कपाटात पडून होत्या, त्या गावोगावच्या रसिकांच्या कानी पडल्या. हे सगळं मनापासून मान्य करूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते. काय ऐकण्याजोगं आहे आणि काय नाही, हा निवाडा ती फाइल आपल्या आधी करून टाकते. टाकलेलं कुठेही उरत नाही. ते परत मागता येत नाही.

कमी बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला थोडे बिट वापरणाऱ्या फाइलमध्ये या निवाड्याच्या खुणा ऐकू येतात. ही रीत आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातली काटकसर त्या सबंध तुकड्यावर पसरते. तबल्याचा बोल मात्र एकदम फुटतो. त्याच्याआधी शांतता असते, आणि काटकसरीतून झालेला गढूळपणा त्या शांततेत, थाप पडण्याच्या आधीच सांडतो. कान त्याला आवाज म्हणून ओळखत नाही. ‘ना’ची कड बोथट झाली, एवढंच जाणवतं. तंबोऱ्याचे वरचे उपस्वर तर सतत बदलत असतात, चमकत विझत असतात. त्यांची चकाकी पाणचट होते, तार पाण्याखाली वाजल्यासारखी.

मूळ आवाजातला एकही आकडा न टाकता फाइल लहान करता येते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यातल्या युक्तीनेच मी हरखून गेले. जॉश कोल्सन यांनी २००० साली अशी फाइल बनवणाऱ्या फ्लॅक या पद्धतीवर काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षी तिची पहिली पक्की आवृत्ती मोफत आणि खुली करून जगापुढे ठेवली. तिची रीत मैफलीतल्या जाणत्या श्रोत्याची आहे. असा श्रोता गाणं चालू असताना सतत अंदाज बांधत असतो. आवर्तन वळलं, मुखडा येतोय, आता सम. गायक त्याच्या अंदाजाप्रमाणे आला की तो मान डोलावतो. गायकाने किंचित अलीकडे-पलीकडे पाऊल टाकलं की तेवढंच त्याच्या मनात कोरलं जातं. फ्लॅकही मागच्या काही मोजमापांवरून पुढच्या मोजमापाचा अंदाज करते आणि प्रत्यक्ष आकडा त्याहून किती चुकला, तेवढी चूक लिहून ठेवते. अंदाज चांगला असेल तर चुका लहान असतात, आणि लहान आकडे लिहायला जागा कमी लागते. वाजवताना तोच अंदाज पुन्हा करायचा, चूक मिळवायची, की मूळ आकडा जसाच्या तसा हाती येतो. बहुतेक संगीत असं निम्म्या किंवा थोड्या अधिक जागेत मावतं.

ही रीत कळल्यावर फाइलींचे आकार मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. लांबलेला, स्थिर लागलेला षड्ज स्वस्तात मावतो, कारण त्याचं पुढचं पाऊल ओळखता येतं. संपूर्ण शांततेला जवळपास काहीच लागत नाही. टाळ्यांना भरपूर जागा लागते. शेकडो तळव्यांचा तो कल्लोळ कुणालाही आधी ओळखता येत नाही. जुन्या कॅसेटच्या सुसकाऱ्यालाही तशीच. गाणं ओळखीचं असतं, काळाने त्याच्यावर चढवलेली धूळ अनोळखी असते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचं मोजमाप कसं करायचं ते मांडलं, तेव्हा गाभ्याला हाच विचार होता: जे आधी ओळखता येतं ते सांगायला थोडे शब्द पुरतात, अनपेक्षित ते सगळं सांगावं लागतं.

त्या लहान लहान चुका लिहिण्याची जी पद्धत फ्लॅक वापरते, ती रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. ते अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत. अवकाशयानांनी दुरून धाडलेली मोजमापं, एकही न गमावता, थोडक्यात कशी आणायची हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. याच प्रयोगशाळेने व्हॉयेजर यानं बांधली. १९७७च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर २ आणि सप्टेंबरच्या ५ तारखेला व्हॉयेजर १ निघालं. दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या.

गुरू अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासून मिळवलेली ती गायकी. ध्वनिमुद्रणाविषयी बाईंना फारसं प्रेम नव्हतं. त्यांच्या मोजक्या तबकड्या निघाल्या आणि त्यांनी गायलेल्या गाण्याच्या मानाने आपल्या हाती फार थोडं उरलं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जयपूर घराण्याचा पेच कसा मावावा? जे मावलं त्यातलं काही आज सौरमालेच्या कडेपलीकडे जातं आहे. इथे, माझ्या टेबलावर, त्यांची एखादी फ्लॅक फाइल उलगडते, तेव्हा त्याच प्रयोगशाळेत रुजलेल्या गणिताने एकेक आकडा आपल्या जागी परत येतो. आकाशातून येणाऱ्या मोजमापांबद्दल जी काळजी घेतली गेली, तीच काळजी एका गायिकेच्या तानेला मिळते आहे, या विचाराने मला फार बरं वाटतं.

आमच्या घरात माझ्या आईच्या रियाजाच्या कॅसेट आहेत. ती मैफलींत गाणारी नव्हती, शिकणारी होती. तिच्या गुरूंनी दिलेली जागा विसरू नये म्हणून ती टेपरेकॉर्डर लावून गायची. त्या कॅसेटमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, जिन्यावरच्या चपला आहेत, मधेच थांबून “परत घेते” असं तिनं स्वतःला सांगणं आहे. या फिती संगणकावर उतरवणं हे माझं गेल्या काही काळातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम आहे.

ते काम हातांचं आहे. डेकचं हेड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायचं. हेडचा कोन त्या फितीशी जुळवायचा. तो जरा तिरका राहिला तर वरचे सगळे उपस्वर बुजतात आणि दोष उगीच फितीवर जातो. मग एकदा फीत पुढे-मागे गुंडाळून सैल करायची. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम उघडायचा, २४ बिटांचं मुद्रण निवडायचं आणि आवाजाची पातळी अशी ठेवायची की आईची सगळ्यात उंच तानसुद्धा शून्य डेसिबलच्या खालीच राहील. त्या रेषेच्या वर गेलेली लहर सपाट कापली जाते आणि कापलेलं परत येत नाही. नंतर हात काढून घ्यायचा आणि फीत संपेपर्यंत ऐकत बसायचं. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने सरकते. तिला घाई करता येत नाही आणि मलाही ती नको असते.

मुद्रण झालं की ते आधी आहे तसं फ्लॅकमध्ये ठेवायचं. सुसकारा काढणारे, खरखर पुसणारे प्रोग्रॅम मोहात पाडतात. त्यांना काम द्यावं, पण दुसऱ्या प्रतीवर. सुसकारा आणि तंबोऱ्याचे वरचे उपस्वर एकाच उंचीवर राहतात. पहिला उपटताना दुसऱ्यांची मुळं हलतात. आणि कुकरची शिट्टी तरी मी कशी काढू? ती काढली तर आईचा तो मालकंस कुठल्याही घरातला होईल.

डिस्कवरून उतरवायचं असेल तर काम सोपं, पण तिथेही नीट करणं आणि उरकणं यांत फरक आहे. आंद्रे विटहॉफ यांचा एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम ओरखडा आलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि हाती आलेलं इतरांनी त्याच डिस्कवरून काढलेल्या प्रतीच्या खुणेशी ताडून पाहतो. फ्लॅक करताना शून्यापासून आठपर्यंतच्या पातळ्या दिसतात. नव्या माणसाला वाटतं, आठ म्हणजे आवाज जास्त चांगला. तसं नसतं. वरच्या पातळीला संगणक अधिक वेळ अंदाज बांधत बसतो आणि फाइल थोडी लहान होते. उलगडल्यावर आवाज प्रत्येक पातळीला तोच.

एकही आकडा न टाकणाऱ्या फाइलींच्या या कुटुंबात बदलाबदलीची भीतीही नाही. जुन्या संग्रहांत मंकीज ऑडिओच्या फाइली सापडतात, अॅपलच्या यंत्रांवर त्यांची स्वतःची एएलएसी असते, स्टुडिओतून वेव्ह येते. यांतली कुठलीही दुसरीत बदला, तिसरीत बदला, पुन्हा पहिलीत आणा. बिटांचं माप तेच ठेवलं तर एक आकडाही हलत नाही. फूबार२००० या प्रोग्रॅमवर दोन फाइली शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडता येतो. शिवाय फ्लॅक करतानाच मूळ आवाजाची एक १२८ बिटांची खूण फाइलच्या तोंडाशी नोंदवली जाते. दहा वर्षांनी फाइल तपासायला दिली तर संगणक सगळा आवाज उलगडून ती खूण नव्याने काढतो आणि जुनीशी जुळवतो. जुळली, तर तो आवाज त्या दिवशी होता तसाच आहे. आमच्या लहानपणी मैफलीची कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि प्रत्येक प्रतीबरोबर गायक धुक्यात एकेक पाऊल मागे सरकायचा. चौथ्या-पाचव्या प्रतीत पंडितजी कुठल्या रागात आहेत एवढंच कळे. ज्यांनी ते धुकं ऐकलं आहे, त्यांना न झिजणाऱ्या प्रतीचं मोल सांगावं लागत नाही.

एकच रस्ता उलटा जात नाही. एमपीथ्रीची फ्लॅक केली की फाइल जड होते, आवाज तोच राहतो. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतून घट्ट होत नाही. अशा फाइलीचं वर्णपट-चित्र काढलं तर साधारण १६,००० कंपनांच्या वर सगळं एका सरळ रेषेत कापलेलं बऱ्याचदा दिसतं, आणि डोळ्यांनाच कळतं की इथून कुणीतरी आधी जाऊन आलं आहे.

आता एक प्रामाणिक प्रश्न. ३२० किलोबिटची उत्तम एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक मला ऐकू येतो का? कुठली कोणती हे न सांगता दोन्ही ऐकवणाऱ्या चाचण्या असतात. त्यांत बहुतेक श्रोत्यांना फरक ओळखता येत नाही, आणि वय वाढतं तशी कानाची वरची मर्यादा खाली येते. माझीही येते आहे. म्हणून माझ्या कानाच्या तल्लखपणावर मी या फाइलींची बाजू मांडत नाही. हा राखणीचा प्रश्न आहे. जे मला ऐकू येत नाही त्यावरही माझा निकाल चालू नये, एवढंच मी म्हणते. उद्या एखादी मुलगी याच फितीतला तंबोरा वेगळा करून त्याची जवारी तपासेल. एखाद्या अभ्यासकाला मागच्या तबल्याची शाई कशी बोलते ते हवं असेल. त्यांना काय लागेल हे मला आज माहीत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सगळंच ठेवायला हवं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गायलं. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या माणसांना गायिका कोण हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. संगीताच्या हिशेबात ते शब्द फालतू होते. कुणीही काटकसरी माणसाने आधी तेच उडवले असते. आज शंभरावर वर्षांनी लोक ती तबकडी ऐकतात तेव्हा त्या नावापाशी येऊन थांबतात. त्यात त्या बाईंचा सगळा रुबाब ऐकू येतो. कशाचं मोल कधी वाढेल, हे त्या त्या काळाला कळत नसतं. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी जुन्या तबकड्या रद्दीतून, पेटाऱ्यांतून गोळा केल्या त्या याच श्रद्धेने.

जपलेलं वाजवण्याचंही एक सुख असतं. आलाप, विलंबित आणि द्रुत असे तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या क्रमांकांवर असले तरी तंबोरा त्यांच्यामधून अखंड वाहत असतो. एमपीथ्रीच्या तुकड्यांच्या टोकांना बनवतानाच बारीकशी रिकामी जागा चिकटते; वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने ती ओळखून वगळली नाही तर तंबोऱ्याला उचकी लागते. फ्लॅकमध्ये पहिल्या तुकड्याचा शेवटचा आकडा आणि दुसऱ्याचा पहिला आकडा एकमेकांना खेटून असतात. एक मुद्रण हळू आणि दुसरं मोठं असेल तर आवाज समान करण्याची सूचनाही फाइलीत वेगळी लिहिता येते. गाण्याच्या आकड्यांना हात लागत नाही. संगणकावर विंडोज असेल तर मधला आवाज मिसळण्याचा टप्पा वगळून ते आकडे थेट बाहेर द्यायला सांगता येतं. पुढे एक बरं यंत्र त्यांची पुन्हा लहर करतं, आणि तार वाजते.

माझ्या लेखी सगळ्यात गोड काम नावं लिहिण्याचं. बाजारातले प्रोग्रॅम कलाकार, अल्बम आणि प्रकार एवढेच खाने देतात. आपल्या गाण्याला ते पुरत नाहीत. फ्लॅकमध्ये हवा तो खाना उघडता येतो. त्याचं शीर्षक रोमन लिपीत द्यावं लागतं, आतला मजकूर मात्र देवनागरीत सुखाने राहतो. मी राग लिहिते, ताल, प्रहर, बंदिशीची पहिली ओळ, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि माहीत असेल तिथे तंबोऱ्यावर कोण हेही. मागे बसून तासन्‌तास तारा छेडणाऱ्या शिष्यांची नावं कुठल्याच वेष्टनावर येत नाहीत. निदान माझ्या घरात ती यावीत.

२०२४च्या डिसेंबरात फ्लॅकची संपूर्ण रचना इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ९६३९ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. आजचे सगळे प्रोग्रॅम नाहीसे झाले तरी ते वाचून कुणालाही फाइल उलगडणारं नवं यंत्र करता येईल. म्हणजे आवाज टिकवण्याची बाजू जगाने सांभाळली आहे. उरलेली बाजू आपल्याकडे आहे, कारण कपाटातल्या फितीवरचा चुंबकीय लेप वाट पाहत नाही. तुमच्याकडे कुणाचं गाणं असेल, कीर्तन असेल, आजीच्या ओव्या असतील, तर एक प्रत पूर्ण काढा. काही गाळू नका, काही सुधारू नका. ती दोन ठिकाणी ठेवा आणि तिच्यावर सगळ्यांची नावं लिहा. फोनसाठी, गाडीसाठी, भाचीला पाठवण्यासाठी लहान प्रती त्यातून हव्या तेव्हा काढता येतात. पूर्ण प्रत मात्र फीत फिरते आहे तोवरच निघते.